सौर प्रकाश सापळा: टब काढा, धोतर बांधा

सौर प्रकाश सापळा विकतात तो किडी मारायला. मी घेतला तो किडी बघायला, त्यांचे फोटो काढायला आणि नोंद ठेवायला, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा वाकड्या अंगाने जाणार. कृषी केंद्रातल्या पोराने विचारलं, "किती एकराले पाह्यजे, काकू?" मी म्हटलं, घरामागच्या बागेला. तो म्हणाला, "मंग तं एकच पुरते." एकच घेतला.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगे तालुक्यात. संत्र्याचा पट्टा, मधेमधे कपाशी, तूर, सोयाबीन, आणि पलीकडे बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. घरामागे दहा-बारा गुंठ्यांची परसबाग आहे. तिथे फवारणीचा पंप जात नाही. शेताचं घरचे बघतात, बागेचं मी बघते आणि या दोन खात्यांची सरमिसळ करायची नाही, असं आमच्यात ठरलेलं आहे. बागेत तगर, कण्हेर, रातराणी, शेवगा, कढीपत्ता, कुंपणाला एरंड आणि खुळखुळा, विहिरीजवळ एक उंबर आणि कडुनिंबावर चढलेली गुळवेल. या गुळवेलीवरून गावात भांडण झालेलं आहे. त्याचं पुढे सांगते.

वस्तू अशी आहे. माणसाच्या छातीइतका उंच लोखंडी पाइप, त्याच्या डोक्यावर सोलर पॅनेल, पॅनेलखाली जांभळट एलईडींचा दंडगोल, दंडगोलाभोवती पारदर्शक प्लास्टिकच्या तीन उभ्या पट्ट्या आणि खाली पिवळा टब. टबात पाणी भरून त्यात साबण किंवा रॉकेल टाकायचं. दिवसा बॅटरी चार्ज होते, अंधार पडला की दिवा आपोआप लागतो आणि तीन-चार तासांनी आपोआप विझतो. उजेडाकडे आलेला किडा पट्टीला धडकतो, टबात पडतो आणि बुडतो. मला २,६०० रुपयांना पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच साच्यातले सापळे वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेले मी पाहिलेत. पाइपचा रंग तेवढा बदलतो.

आधी टबाबद्दल. मृगाचा पाऊस पडल्यावर मी तो भरून लावला, कारण विकणारा सांगतो त्यातलं खरं किती, हे बघायचं होतं. सकाळी टबात हुमणीचे भुंगेरे होते, भरपूर होते. पहिल्या पावसानंतर ते जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात आणि त्याच दिवसांत उजेडावर येतात. इथपर्यंत सापळ्याचं काम चोख. पण त्यांच्याबरोबर शेणकिडे होते. पाण्यातले भुंगेरे होते, ते तर चमकणारं पाणी बघूनच उतरले असतील. अळ्यांवर अंडी घालणाऱ्या सडपातळ गांधीलमाश्या होत्या. आणि क्रायसोपा होती, तीच जाळीदार पंखांची हिरवी माशी, जिच्या अळ्या मावा खातात. कृषी खात्याच्या प्रत्येक कार्यक्रमात तिला मित्रकीटक म्हणून ओळख करून देतात. विक्रेत्याचं म्हणणं असं की पहिल्या तीन-चार तासांत शत्रूकिडी येतात आणि मित्रकीटक नंतर येतात, म्हणूनच आत टायमर बसवलाय. ऐकायला छान आहे. टबातल्या क्रायसोपांना ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

नोंद करणाऱ्याच्या दृष्टीने तर टब निव्वळ निरुपयोगी. पतंगाची ओळख पंखांवरच्या खवल्यांच्या नक्षीवरून पटते. साबणाच्या पाण्यात रात्रभर राहिला की त्याचा चहाच्या गाळासारखा लगदा होतो. त्याचा फोटो कोणाला दाखवणार?

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी म्हणून हा सापळा घेत असाल तर थांबा. २०१७ साली या अळीने विदर्भात काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. तिच्यासाठी कामगंध सापळा आहे. त्यात त्याच एका जातीच्या मादीचा गंध असतो, त्यामुळे त्याच जातीचे नर येतात, बाकी कोणी नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले की उपाय सुरू करायचा, असा हिशोब त्यावर बसवलेला आहे. प्रकाश सापळ्याला असा हिशोब नाही, तो येईल त्याला बुडवतो. हुमणीसाठी जूनमध्ये अख्ख्या गावाने मिळून लावला तर त्याला अर्थ आहे. एकट्याने बारा महिने लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

तर टब काढला. चार स्क्रू आहेत, साध्या पेचकसाने निघतात. पट्ट्याही काढल्या. टब जाऊबाईंनी कोंबड्यांच्या पाण्याला नेला. मग दोन बांबू रोवून मध्ये घरच्यांचं जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं आणि दिव्याचा खांब त्याच्यापुढे हातभर अंतरावर उभा केला. धोतराचं खालचं टोक जमिनीवर पसरून ठेवायचं, कारण बरेच किडे उभ्या कापडावर न बसता खाली उतरून चालत फिरतात. कापड सुतीच असावं. नायलॉनच्या पडद्यावर लहान पतंगांचे पाय ठरत नाहीत. हल्लीच्या बऱ्याच धुण्याच्या पावडरींमध्ये कपडा उजळ दिसावा म्हणून जो पदार्थ घालतात तो अतिनील उजेडात निळा चमकतो. त्यामुळे धुतलेलं धोतर दिव्यापुढे स्वतःच दिव्यासारखं दिसतं. मला त्याचा फायदाच झाला.

पतंग दिव्यावर प्रेमाने झेप घेतो हे शायरीत ठीक आहे. २०२४ साली शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हे चित्रण करून पाहिलं. रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं आणि उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. बाजूला दिवा आला की ते पाठ त्याच्याकडे वळवतात आणि मग वळतच राहतात, दिव्याभोवती घिरट्या घालतात. दिव्यावरून जाणारा तर उलटा होऊन खाली पडतो. हे कळल्यावर मी दिवा कापडाच्या वरच्या काठाऐवजी मध्यावर आणला. आता उजेड एका ठिपक्यातून न येता अख्ख्या कापडावर पसरतो, किडे लवकर बसतात आणि आपटून आपटून पंख फाडून घेत नाहीत.

आता दिव्याच्या दर्जाबद्दल. २,६०० रुपयांच्या वस्तूत जी एलईडी असते तिच्या उजेडाच्या लहरीची लांबी बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्यांना जांभळी दिसणारी. पतंगांसाठी ३६५ची चांगली, पण ती महाग. तरीही अंधाऱ्या गावात ही जांभळी पुरते, कारण स्पर्धाच नसते. आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा अधूनमधूनच लागतो. ग्रामपंचायतीची ही एवढी कृपा मला सोयीची पडते. शहरात हाच दिवा किती चालेल, शंका आहे. दुकानात घेताना अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावून त्याखाली पाचशेची नोट धरा. नोटेवरचा नंबर आणि कागदातले बारीक तंतू चमकले पाहिजेत. काही सापळ्यांत नुसता निळा दिवा बसवून देतात, त्यात ती चमक तशी उठून दिसत नाही. आणि दिव्याकडे टक लावून बघू नका. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना दिव्याच्या मागच्या बाजूला उभं करा. मी साधा प्लास्टिक भिंगांचा चष्मा लावते.

या उजेडाचा एक जोड फायदा असा की विंचू त्यात हिरवट निळा चमकतो. दगडी कुंपणाच्या फटीतला विंचू मला एरवी कधीच दिसला नसता. आता तिकडे पाय टाकण्याआधी दिवा फिरवते.

बॅटरीला माझे गुण कमी. ऊन असलं की चार तास आरामात. पण झड लागली की संपलं. विदर्भातली झड म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दमट, उबदार, वारा पडलेल्या रात्री पतंगांच्या बाहेर पडायच्या असतात. दिवा तासाभरात मंद होतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो, २०१२ पासून चालू आहे. त्या आठवड्यात आमच्याकडे हमखास झड असते. तेव्हा मी पॅनेल सोडून १२ व्होल्टची स्प्रेपंपाची बॅटरी जोडते. बॅटरीवर चालणारा फवारणी पंप गावात घरोघरी आहे, त्याची बॅटरी दिव्याला चालते. फक्त आपल्या दिव्याचं व्होल्टेज बघून घ्या, सगळे १२चे नसतात.

टायमरही खटकतो. साडेदहाला दिवा विझतो आणि मोठी मंडळी त्यानंतर येतात. माझ्या यंत्रात बॅटरीची जोडणी सोडून परत लावली की तास नव्याने मोजले जातात, म्हणून जागं राहायची तयारी असेल तर अडत नाही. या खटाटोपातच एकदा मध्यरात्रीनंतर टसरचा पतंग आला. वीतभर पंख, तांबूस रंग, प्रत्येक पंखावर आरपार दिसणारा गोल डोळा. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ज्याच्या अळ्या सांभाळून कोष काढतात तोच हा. बोरच्या जंगलात ऐन आहे, तिकडूनच आला असणार. या पतंगाला खायला तोंडच नसतं, अळी असताना खाल्लेल्यावर तो त्याचे थोडके दिवस काढतो. जाऊबाई म्हणाल्या, "उपाशी जीव, त्याले कायले तरास देता." चार फोटो काढून दिवा बंद केला.

चंद्र असला की मजा नाही. कोजागिरीला दूध प्यावं, पतंग शोधू नयेत. अमावस्या आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्री खऱ्या. आणि वर्षातली सगळ्यांत चांगली अमावस्या कोणती म्हणाल, तर पोळ्याची. श्रावण संपत आलेला, हवा दमट, रानात सगळं हिरवं, आकाश काळं कुळकुळीत. संध्याकाळी बैलांच्या पाया पडून झालं, पुरणपोळी झाली, की मी धोतर बांधते. गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळीच मारबतीचा पुतळा गावाबाहेर काढतात आणि गावभर आरोळ्या, "ईडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" त्यात डास आणि माश्याही घेऊन जायची विनंती असते. रात्री मी बोलावते, सकाळी गाव हाकलतं.

आता काय काय आलं ते. सगळी यादी देत नाही, काही मानकरी तेवढे सांगते.

क्रिएटोनोटस गँगिस नावाचा एक पतंग आहे, मातकट पांढरे पंख, त्यावर काळ्या रेघा, पोट तांबडं. बसलेला असताना अगदी गरीब. पण नर रंगात आला की शेपटाकडून चार लांबलचक केसाळ नळ्या फुगवून बाहेर काढतो, त्याच्या पोटापेक्षाही लांब. त्यातून मादीसाठी गंध सोडतो. अळीने काही विशिष्ट विषारी झाडांचा पाला किती खाल्ला यावर त्या नळ्यांची लांबी ठरते. भाच्याने हे पहिल्यांदा बघितलं आणि "मामी, याले काय झालं?" म्हणत मागे सरकला. याचे व्हिडिओ इंटरनेटवर परग्रहावरचा प्राणी म्हणून फिरतात. फिरू द्या, पण तो आपल्या अंगणातला आहे.

तिळाच्या शेताजवळ दिवा लावाल तर पाठीवर कवटीसारखी खूण असलेला मोठा पतंग येण्याची शक्यता धरा. अॅकेरॉन्शिया स्टिक्स. त्याची अळी तिळावर वाढते, शेपटाला शिंग असलेली, बोटापेक्षा जाड. पतंगाला धरलं की तो उंदरासारखा चिरकतो, म्हणून लोक घाबरतात. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. मधपेट्या ठेवणाऱ्यांनी त्याला ओळखून ठेवावं, बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही, तो चावत नाही.

तगरीवर मोठी हिरवी अळी दिसली, डोक्यामागे दोन निळे डोळे, तर ती मारू नका. ती डॅफ्निस नेरीची. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी संगमरवराचा असतो. मी अळी तगरीवर पाहिली आणि पुढे तोच पतंग धोतरावर आला तेव्हा झालेला आनंद संत्र्याला चांगला भाव मिळाल्यावर होतो तितकाच होता. (घरच्यांना हे सांगितलेलं नाही.) खुळखुळ्यावरचे लाल-काळ्या ठिपक्यांचे पांढरे पतंग दिवसाही दिसतात. एरंडाचा पाला चाळण करणाऱ्या अळीचा पतंग येतो, त्याच्या काळ्या मागच्या पंखांवर पांढरे पट्टे. हिरवागार ट्रबाला विष्णू येतो. घाटेअळीचा, तंबाखूवरच्या अळीचा आणि ठिपक्यांच्या बोंडअळीचा पतंगही येतात. मी त्यांचीही नोंद करते, पाहुण्यांत भेद करत नाही. शेवटचा तर दिसायला फार गोड आहे, पांढरट पंखावर मधोमध हिरवी पाचर.

पतंगांशिवाय जे येतं ते त्याहून जास्त. तुडतुडे, नाकतोडे, मुंग्यांचे आणि वाळवीचे पंखवाले, भलेमोठे पाण्यातले ढेकूण. त्यात एक सावधगिरी. पावसाळ्यात लाल-काळा, मुंगीसारखा लांबट एक छोटा भुंगेरा येतो, पेडेरस. तो मानेवर बसला तर चापट मारू नका. त्याच्या अंगातला द्रव कातडीला लागला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवायचा. मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज आणि डोक्याला ओढणी असा वेष करते, गावातले लोक हसतात.

झोपण्यापूर्वी कापड हलक्या हाताने झटकून सगळ्यांना झुडपांत सोडायचं. हा नियम कडक पाळा. तसंच ठेवलं तर पहाटे कोतवाल येतो आणि धोतरावर ताट वाढून ठेवल्यासारखा नाश्ता करून जातो. पाली तर रात्रीच येतात. आणि रोज रात्री दिवा लावू नका. किड्यांनाही त्यांची कामं असतात.

नोंदीसाठी मी आयनॅचरलिस्ट हे अॅप वापरते. फुकट आहे. फोटो, तारीख आणि ठिकाण एवढं दिलं की नोंद होते, नाव माहीत नसलं तरी चालतं. अॅप स्वतः नावं सुचवतं, पण सुचवलेलं नाव लगेच मान्य करू नका. बारीक करड्या पतंगांच्या बाबतीत कुळापर्यंत किंवा जातीच्या वरच्या पायरीपर्यंत थांबणं जास्त प्रामाणिक. मग जगभरातले जाणकार बघतात आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंदीला संशोधनाचा दर्जा मिळतो. नेटवर्क नसताना फोटो साठवून नंतर चढवता येतात. आमच्या गावात हे फार महत्त्वाचं, रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. आणि बायकांसाठी मुद्दाम सांगते: ठिकाण धूसर करण्याची सोय आहे. ती निवडली की नकाशावर तुमचं घर दिसत नाही, साधारण २०-२२ किलोमीटरच्या चौकटीतला कुठलातरी ठिपका दिसतो. मी ती कायम चालू ठेवते. नाव ताडून बघायला 'मॉथ्स ऑफ इंडिया' ही वेबसाइट चांगली आहे. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत, तेव्हा एखाद्याचं नाव लागलं नाही म्हणून खट्टू व्हायचं नाही. फोटो काढताना वरून एक, बाजूने एक आणि जमलं तर मागचे पंख उघडे असताना एक काढा. ओळख बऱ्याचदा मागच्याच पंखात असते.

आता गुळवेल.

संत्र्याला आंबिया बहार धरलेल्यांना रसशोषक पतंग सांगायला नको. फळ पिकायच्या वाटेला लागलं की रात्री पतंग येतो, टोकदार मजबूत सोंड सालीतून आत घालतो, रस पितो. सकाळी फळावर सुईने टोचल्यासारखं भोक, मग ते सडतं आणि गळतं. हे पतंग म्हणजे युडोसिमा, मोठे, वरून सुक्या पानासारखे आणि मागचे पंख भडक नारिंगी, त्यावर काळे डाग. त्यांच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत. त्या वाढतात गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणून शेजारच्या भाऊजींनी दारात येऊन सुनावलं, "वहिनी, इकडं आमचे संत्रे गळून राह्यले अन् तिकडं तुम्ही त्याइले दिवा लावून बलावता!"

यात दोन गोष्टी आहेत. दिवा त्यांना बोलावत नाही. माझ्या धोतरावर युडोसिमा क्वचितच आला. दुकानदार हा सापळा संत्र्याच्या पतंगासाठी म्हणूनही विकतो, तर संत्रावाल्यांनी त्यासाठी पैसे घालू नयेत. हे पतंग वासावर येतात. पिकून काळी झालेली केळी, गूळ आणि भिजवलेली मोहफुलं एकत्र कुस्करून दोन दिवस ठेवायची आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या बुंध्याला ब्रशने फासायची, की ते येतात आणि शांत बसून पितात, टॉर्चच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. वर्धा जिल्हा दारूबंदीचा असल्याने मी हे मिश्रण वाटीभरच करते. मोठ्या डब्यात ठेवलं तर कोणी सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेला माल, म्हणून पोलिसांना कळवायचं.

दुसरी गोष्ट, गुळवेलीचं त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. आमचीही संत्र्याची झाडं आहेत, गळ आमच्याही बागेत होते. म्हणून संत्र्याच्या धुऱ्यावरची वासनवेल आम्ही काढून टाकली. घरामागची गुळवेल ठेवली आहे, पण ऑगस्टमध्ये तिच्यावरच्या अळ्या मी मोजते. काळ्या-तपकिरी, अंगावर डोळ्यांसारखे गोल, मागचा भाग वर उचलून बसणाऱ्या. त्या वाढल्या की पतंग केव्हा निघणार याचा अंदाज येतो. तेव्हा मी भाऊजींना सांगते आणि ते त्या आठवड्यांत संध्याकाळी बागेत ओल्या पाल्याचा धूर करतात, गळलेली फळं रोज उचलून पुरतात. पडलेल्या फळांचा वासच तर त्यांना ओढतो. हे दोन्ही उपाय कृषीवाले सांगतातच, फक्त कोणत्या रात्रीपासून सुरू करायचे ते माझी वही सांगते. भाऊजी अजून कुरकुरतात, पण मागच्या हंगामात धूर कधी करायचा हे विचारायला तेच आले.

बाकी तक्रारी. पाइपचे स्क्रू एका पावसाळ्यात गंजले. दिव्याच्या वरच्या टोपणातून पाणी आत जातं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि सिलिकॉन लावा. मे महिन्यात पॅनेल बाहेर राहू द्या, पण बॅटरीचा डबा काढून घरात ठेवा. ४५ अंशांत ती फुगते, आमच्या ओळखीतल्या एकाची फुगली. जूनमध्ये दुकानात माल मिळत नाही, एप्रिल-मेमध्येच सांगून ठेवावं लागतं. घासाघीस केली तर टबाशिवाय दोनशे रुपये कमी करतो का, विचारून बघा. माझ्यासाठी नाही केले.

बॅटरी आता तिसऱ्या हंगामात निम्म्यावर आली आहे. बदलून मागितली तर दुकानदार म्हणतो, टब काढला म्हणून वॉरंटी संपली. पावती शोधून काढली, तिच्यावर टबाचा उल्लेखच नाही. ती घेऊन सोमवारी बाजाराच्या दिवशी परत जाणार आहे.